आठाच्या ठोक्याला

जबलपूर शहरातील राइट टाउन ही दवाखान्यांची वस्ती म्हणून ओळखली जाते. रुग्णालये, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि औषधांची दुकाने यांची तेथे इतकी दाटी झाली आहे, की मंडला, सिवनी, बालाघाट, दिंडोरी अशा जिल्ह्यांतून आजारी माणसाला घेऊन निघालेल्या नातेवाइकाला रिक्षावाल्यापाशी ‘राइट टाउन’ एवढे दोन शब्द उच्चारले की पुरे होतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून, आणि पुढे रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, उच्च न्यायालय अशा एकेका निमित्ताने या शहरात मराठी माणसे येऊन स्थिरावली. त्यामुळे एखाद्या दवाखान्याच्या बाकावर मराठी बोलणे कानी पडले, तर त्यात नवल वाटत नाही.

अशा बाकावर आठ-नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन एखादी आजी बसलेली असते. मुलाचे वजन वाढत नाही, खोकला हटत नाही, तोंडात फोड आलेले आहेत. रक्ताचा कागद येतो, डॉक्टर तो दोनदा वाचतात आणि आजीला आत बोलावतात. मुलाच्या रक्तात एचआयव्हीचे विषाणू आहेत. त्याच शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यावरची औषधे विनामूल्य मिळतात, आणि ती नियमाने घेतली तर हे मूल शाळेत जाईल, मोठे होईल, नोकरी करील, म्हातारेही होईल. हे सारे डॉक्टरांना सांगता येते, कागदावर लिहूनही देता येते. लिहून देता येत नाही ती एकच गोष्ट. रोज ठरल्या वेळेला, एकही दिवस न चुकता, पुढची पंधरा वर्षे या मुलाच्या हातावर गोळी कोण ठेवणार? बाप गेला आहे, आई त्याच्या पाठोपाठ गेली आहे आणि आजीला घड्याळ वाचता येत नाही.

हा प्रश्न काही केवळ जबलपूरचा नव्हे. ज्या प्रदेशात या रोगाने लवकर आणि जोराने हात मारला, तेथे तो फार पूर्वीच उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधण्यात काही माणसांनी आपले आयुष्य घातले. भारतात या विषाणूचा पहिला शोध 1986 साली चेन्नईत लागला. मुंबईत तो त्यानंतर लगेच आढळला. आणि मुंबईहून निघणाऱ्या हमरस्त्यांवरून, मालमोटारींच्या तळांवरून, कामासाठी शहरात गेलेल्या आणि सणावाराला गावी परतणाऱ्या माणसांबरोबर तो पुणे, सांगली, सोलापूर, लातूर, बीड अशा जिल्ह्यांच्या खेड्यांपर्यंत पोहोचला. क्रम बहुतेक ठिकाणी एकच असे. नवरा आजारी पडे, त्याच्या औषधपाण्यात दागिने आणि जनावरे जात. तो गेला म्हणजे त्याच्या मृत्यूचा दोष सुनेच्या कपाळी मारला जाई. मग ती आजारी पडे. शेवटी अंगणात मूल तेवढे उरे. अशा घरच्या जमिनीला वारस पुष्कळ निघत. मुलाला निघत नसत.

या मुलांना घर देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात जेथे जेथे निघाल्या, तेथे त्यांचा आरंभ बहुधा एखाद्या योजनेने झालेला नाही. समोर मूल आले आणि त्याला परत पाठवणे जमले नाही, एवढेच त्याचे कारण. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गिरीश कुलकर्णी यांनी 1989 साली वेश्यावस्तीतील मुलांसाठी ‘स्नेहालय’ सुरू केले. पुढे त्या वस्तीतच हा रोग शिरल्यावर, तो आपला विषय नाही असे म्हणण्याची सोय त्यांना उरली नाही. पुण्यात बुधवार पेठेतील स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या विजया लवाटे यांनी 1997 साली ‘मानव्य’ ही संस्था स्थापन केली. भूगाव येथे तिचे ‘गोकुळ’ हे बालकगृह उभे राहिले. पंढरपूरला मंगल शहा या गृहिणीने 2001 साली ‘पालवी’ सुरू केली, ती गोठ्यात टाकून दिलेल्या दोन लहान मुलींना घरी आणण्यापासून. लातूर जिल्ह्यातील हासेगावला रवी बापटले यांनी 2007 साली ‘सेवालय’ काढले. बीड जिल्ह्यात पाली येथे दत्ता आणि संध्या बारगजे या दांपत्याने ‘इन्फंट इंडिया’ उभारली. यांपैकी बहुतेकांजवळ वैद्यकाची पदवी नव्हती, मठाची गादी नव्हती आणि आरंभी तर पैसाही नव्हता.

संस्थापकांविषयी वर्तमानपत्रांतून लिहून येते, त्यांचे सत्कार होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आठाच्या ठोक्याला औषधाची डबी उघडणारा हात पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. त्या हाताविषयी फारसे बोलले जात नाही.

आरंभीच्या काळात या हातांना डबी उघडायची नव्हतीच. उपचार मिळाला नाही तर जन्मतः बाधा झालेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी मुले दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. जी तगतात, ती क्षय, अतिसार, न्यूमोनिया यांना तोंड देत शाळेच्या वयापर्यंत येतात आणि तेथे अडखळतात. तेव्हा या संस्थांतील माणसांचे काम म्हणजे मुलाला शेवटपर्यंत एकटे न ठेवणे, हेच होते. ताप उतरवायचा, तोंडातल्या फोडांना आग होणार नाही असे पातळ अन्न भरवायचे, रात्री उशाशी बसायचे, आणि पहाटे जे घडायचे ते घडल्यावर इतर मुलांना काय सांगायचे याची मनाशी जुळवाजुळव करायची. मुले फसत नसत. एखादी खाट रिकामी झाली, की त्या दिवशी ती जेवणाच्या पंगतीत विशेष शहाण्यासारखी वागत.

यातही एक कठीण काळ असा होता, की औषध जगात होते पण संस्थेच्या दारात नव्हते. तीन औषधे एकत्र दिली असता हा विषाणू दबून राहतो, हे 1996 सालीच सिद्ध झाले होते. 2001 साली तर मुंबईच्याच सिप्ला कंपनीने हे तिहेरी औषध वर्षाला साडेतीनशे डॉलर इतक्या कमी किमतीत आफ्रिकेतील रुग्णांसाठी देऊ केले आणि साऱ्या जगाच्या औषधबाजारात खळबळ उडवली. साडेतीनशे डॉलर ही किंमत श्रीमंत देशांतील किमतीच्या मानाने नगण्य होती. धान्यासाठी दारोदार हिंडणाऱ्या संस्थेला मात्र ती तीस-चाळीस मुलांच्या पटीत भागवणे अशक्य होते. ज्यांच्यासाठी औषधच निघालेले नाही अशा रुग्णाजवळ बसणे एक. आणि औषध निघाले आहे, दुकानात आहे, आपल्याजवळ पैसे तेवढे नाहीत, हे ठाऊक असताना मुलाजवळ बसणे दुसरे. ज्यांनी हा दुसरा अनुभव घेतला, त्यांच्या कामात पुढे जी एक प्रकारची कठोर शिस्त आली, तिचा उगम बहुधा येथे असावा.

1 एप्रिल 2004 या दिवशी भारत सरकारने हा उपचार निवडक सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य देण्यास आरंभ केला आणि 30 नोव्हेंबर 2006 रोजी मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. सरकारी कामाच्या संथपणाविषयी बोलण्याची रीत आहे, आणि त्यात सरकारी माणसेही मागे नसतात. परंतु या निर्णयाने जे घडले, ते कोणत्याही एका संस्थेला शंभर वर्षांत साधले नसते. मुले मरेनाशी झाली.

मुले जगू लागली, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचे काम मुळापासून बदलले. ज्यांनी मन घट्ट करून मृत्यूची तयारी केली होती, त्यांना आता शाळेचे दप्तर, दहावीची परीक्षा, मिसरूड फुटलेल्या मुलाचा रुसवा, मुलीची पाळी आणि पुढे लग्न यांची तयारी करावी लागली. करुणेचा उमाळा पहिल्या कामात पुरतो. दुसऱ्याला तो पुरत नाही. तेथे नियमितपणा लागतो. हा गुण दिसायला फारच सामान्य आहे. कचेरीतल्या कारकुनापाशी तो असतो, स्टेशन मास्तरपाशी असतो, पहाटे दूध घालणाऱ्यापाशी असतो, आणि त्याचा कोणी सत्कार करीत नाही.

या रोगावरच्या औषधांचा स्वभावच असा आहे, की ती वेळेची भूक घेऊन येतात. औषधाचे रक्तातील प्रमाण ठराविक पातळीच्या खाली गेले, की दबून बसलेला विषाणू डोके वर काढतो. एवढेच नव्हे, तर त्या औषधाला न जुमानण्याची विद्या तो शिकतो, आणि एकदा शिकलेली ती विद्या तो विसरत नाही. शंभर वेळांपैकी पंचाण्णव वेळा गोळी घेतली तर चालेल असे वैद्य वर्षानुवर्षे सांगत आले. हा हिशेब मांडून पाहिला तर फार कडक आहे. दिवसातून दोन वेळा म्हणजे महिन्याच्या साठ वेळा, त्यांतील तीनच चुका माफ. ज्या घरात जेवणाची वेळ ठरलेली नाही, वीज जाते, पाऊस आला की सारे शेतावर धावतात, त्या घरात महिन्यातून तीनच चुका होतील याची हमी कोण देईल?

म्हणून या संस्थांतून सकाळचे आणि रात्रीचे आठ, किंवा अशीच एखादी जोडवेळ, हा दिवसाचा कणा होऊन बसतो. कपाटातून डबे बाहेर येतात. प्रत्येक डब्यावर नाव असते. ज्याला अक्षर येत नाही, त्याच्या डब्यावर फूल, पतंग, होडी असे चित्र असते. मुलाचे वजन वाढले की मात्रा बदलते, म्हणून वजनाचा काटा आणि वही शेजारी. मुलांसाठीच्या वेगळ्या गोळ्या मिळण्यापूर्वी मोठ्यांच्या गोळीचे तुकडे करून द्यावे लागत. ती गोळी नेमकी अर्धी मोडणे हे एक कसबच असे, कारण एका तुकड्यात कण जास्त गेला तर दुसऱ्यात तो कमी. एक पातळ औषध इतके कडू, की ते देण्याआधी जिभेला साखर नाहीतर गूळ लावावा लागे. दुसरे एक औषध रात्री झोपतानाच द्यायचे, कारण त्याने गरगरते आणि भलतीच स्वप्ने पडतात. मग ती स्वप्ने ऐकायला मध्यरात्री कोणीतरी जागे लागे. अलीकडच्या वर्षांत औषधे पुष्कळ सुधारली. मोठ्या मुलांना दिवसातून एकदाच एक गोळी पुरते. पण ती एक गोळी रोजच घ्यायची असते, आणि ‘रोज’ या शब्दातला कठीणपणा काही कमी झालेला नाही.

या कपाटाची किल्ली जिच्या कमरेला असते, ती ‘मावशी’. काही ठिकाणी तिला ताई म्हणतात, क्वचित आईही. ती कोठून येते हे पाहण्यासारखे आहे. संस्था सुरू झाल्या तेव्हा गावातली माणसे तेथे नोकरीला येत नसत. आली तर घरच्यांना न सांगता येत. स्वयंपाकाला बाई मिळत नसे, न्हावी येत नसे, मुलांचे कपडे शिवायला शिंपी माप घेत नसे. तेव्हा या कामाला ज्या बाया पुढे आल्या, त्यांत पुष्कळशा याच रोगाने नवरा नेलेल्या आणि सासरने बाहेर काढलेल्या होत्या. म्हणजे आठाच्या ठोक्याला ती मुलांना गोळी देते, आणि सगळ्यांची देऊन झाली की आपली स्वतःची घेते. एखादे मूल तोंड फिरवून बसले, की तिला फारसे बोलावे लागत नाही. ती आपली गोळी त्याच्यासमोर तोंडात टाकते, पाणी पिते, आणि पेला त्याच्याकडे सरकवते. हा युक्तिवाद कोणत्याही समुपदेशकाच्या पुस्तकात सापडणार नाही.

समुपदेशकाचे काम वेगळे, आणि ते पुढे येते. मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत गोळी ही ‘ताकदीची’ असते. मग एके दिवशी शाळेत कोणीतरी काहीतरी बोलते, आणि मूल विचारते, की बाकीच्यांना ताकदीची गोळी का लागत नाही? खरे केव्हा सांगायचे, किती सांगायचे आणि कोणी सांगायचे, हा या सर्व संस्थांतला सर्वांत नाजूक विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे, की शाळेच्या वयात, साधारणपणे सहा ते बारा या वर्षांत, मुलाच्या समजुतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने त्याला सांगावे. लपवून ठेवण्याने होणारे नुकसान अधिक. पण हे वाक्य वाचणे सोपे आहे. आईकडून हा रोग आला हे सांगायचे, आणि आईविषयी मनात राग राहणार नाही अशा रीतीने सांगायचे, म्हणजे काय ते त्या खोलीत बसणाऱ्यालाच ठाऊक.

अशा वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना शिपाई म्हणण्याची पद्धत जगभर आहे. मराठी मुलाला ती सांगायची तर गड हाताशीच असतो. गडावर शिबंदी आहे, खाली जंगलात गनीम लपलेला आहे. तो मेलेला नाही, झोपलेला आहे. सूर्य मावळला की गडाचे दरवाजे लावायचे, रोज, आणि वेळेवर. हिरकणीच्या आख्यायिकेत तिच्या बाळासाठीसुद्धा रायगडाचे दरवाजे उघडले नाहीत, हे चौथीतल्या मुलाला माहीत असते. गोळी म्हणजे तो दरवाजा. मूल ऐकून घेते, आणि मग बहुधा कोणाच्या ध्यानीमनी नसलेला प्रश्न विचारते: माझ्या आईच्या गडावर दरवाजा नव्हता का? 2004 च्या आधी गेलेल्या आईविषयी याचे खरे उत्तर ‘नव्हता’ असेच होते. त्यानंतर गेलेल्या आईविषयी ते देणे अधिक जड जाते.

तेरा-चौदाव्या वर्षी दुसरे संकट उभे राहते. इतकी वर्षे निमूटपणे गोळी घेणारा मुलगा एकाएकी ती घेईनासा होतो. तोंडात टाकतो, गालात धरतो आणि बाहेर जाऊन थुंकतो. गादी उन्हात टाकायला काढावी, तर खाली पंधरा दिवसांच्या गोळ्या निघतात. अंगाला तर काहीच झालेले नसते. मग रोज कशाला? शिवाय ही गोळी त्याला वर्गातल्या इतर मुलांपासून वेगळा करते, आणि त्या वयात वेगळे असण्याइतके दुःख दुसरे नाही. येथे रागावून भागत नाही आणि रडूनही भागत नाही. पहिल्या फळीची औषधे निकामी झाली तर दुसरी फळी आहे, तिच्यामागे तिसरी. पुढे फार काही नाही. हे सारे माहीत असलेली मावशी त्या गोळ्या मुठीत घेऊन दारात उभी राहते, तेव्हा तिला जे आवरावे लागते, ते आवरण्याचे कोणतेही प्रशिक्षण देता येत नाही. पुष्कळदा अशा मुलाला वळणावर आणतो तो त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असलेला, हेच सारे करून चुकलेला दुसरा मुलगा. शहाण्या संस्था त्याला हे काम मुद्दाम सोपवतात.

बाहेरच्या जगाशी झालेल्या झगड्यांची कथा अधिक प्रसिद्ध आहे. 2009 साली हासेगावच्या शाळेत ‘सेवालया’तील मुले बसू लागली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली, सरकारी यंत्रणेला मध्ये पडावे लागले. हे अज्ञान केवळ खेड्याचे आणि केवळ आपल्याकडचे असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात रायन व्हाइट या तेरा वर्षांच्या मुलाला, रक्तातून दिलेल्या औषधामुळे बाधा झाली म्हणून, 1985 साली शाळेने दारातच अडवले होते; तेथे तर शिकलेली आणि मोटारीतून हिंडणारी माणसे होती. हासेगावच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की ज्या गावाने एकदा मुले काढून घेतली, त्याच गावाच्या शिवारात ती संस्था आजही आहे, वाढली आहे, आणि तिच्या मुलांनी बसवलेला गाण्यांचा कार्यक्रम पाहायला गावोगावची माणसे गर्दी करतात. शिवण्याने, एका ताटात जेवण्याने, एका बाकावर बसण्याने हा रोग होत नाही, हे फळ्यावर लिहून पटत नाही. शेजारच्या बाकावरचे मूल वर्षभर धडधाकट खेळताना दिसले, की आपोआप पटते.

कायदा यामागून आला. 2017 साली संसदेने एचआयव्ही बाधितांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून तो अमलात आहे. शाळा, नोकरी, रुग्णालय, भाड्याचे घर यांत भेदभाव करण्यास त्याने बंदी घातली, आणि रुग्णाचे नाव त्याच्या संमतीवाचून उघड करण्यासही. त्यातील एका कलमाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. ज्या कुटुंबात आईबाप या रोगाने गेले किंवा अंथरुणाला खिळले, आणि बारा वर्षांवरचे पण अठरा वर्षांखालचे एखादे समंजस मूल घर चालवते आहे, त्याला आपल्या धाकट्या भावंडांचा पालक म्हणून शाळाप्रवेश, औषधोपचार, बँकेचे खाते अशा कामांत सही करता येते. कायदे लिहिणाऱ्यांवर कोरडेपणाचा आरोप नेहमी होतो. पण बारा वर्षांच्या मुलीला धाकट्या भावाचा पालक मानणारे हे कलम कोणीतरी कोठेतरी तशी मुलगी पाहिल्याशिवाय लिहिले असेल, असे वाटत नाही.

पैशाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण या माणसांचा निम्मा वेळ त्यात जातो. अशा संस्थांना दान मिळत नाही असे नाही. वाढदिवसाला जेवण देणारे पुष्कळ असतात. दिवाळीच्या सुमारास एकाच आठवड्यात फराळाचे इतके डबे येतात, की मुलांची पोटे बिघडतात. कपडे येतात, खेळणी येतात, बरोबर छायाचित्रे घेणाराही येतो, आणि मुलांची तोंडे दाखवता येत नाहीत असे सांगितले की काहीसा हिरमुसतो. मावशीच्या पगारासाठी, रुग्णालयात जाणाऱ्या गाडीच्या पेट्रोलसाठी, हिशेबनिसासाठी देणगी देणारा मात्र दुर्मिळ. गोडधोड वाढल्याचे पुण्य डोळ्यांना दिसते. चालकाने महिन्यात बारा फेऱ्या वेळेवर केल्या, हे दिसत नाही. परिणाम असा होतो, की ज्यांच्या नियमितपणावर मुलांचे आयुष्य उभे आहे, त्यांचाच पगार अनियमित असतो. एखादी मावशी अधिक पैशाच्या कामाला निघून जाते. तिच्या जागी दुसरी मिळते, पण कोणते मूल गोळी गालात धरते, हे जाणून घ्यायला दुसरीला सहा महिने लागतात.

मुलांना असे संस्थेत ठेवावेच का, हा प्रश्नही आता विचारला जातो, आणि तो योग्य आहे. मुलाला होता होईल तो कुटुंबात ठेवावे, संस्था हा शेवटचा उपाय समजावा, असेच बालन्यायाचा कायदा सांगतो. औषध मिळू लागल्यापासून आईबाप जगू लागले आहेत, आणि मुळात नव्याने बाधा होणारी मुलेही पुष्कळ घटली आहेत. काहीच न केले तर बाधित आईकडून मुलाला हा विषाणू जाण्याचे प्रमाण शेकडा पंधरा ते पंचेचाळीस असते. आईला वेळेवर औषध दिले तर ते पाचांच्याही खाली आणता येते. त्यामुळे ज्या संस्था एकेकाळी मूल घेऊन आलेल्या माणसाला जागा नाही म्हणून सांगत, त्यांच्यातील काही आता उलट काम करतात. आजी सांभाळायला तयार असेल, तर तिच्याच घरी जातात, भिंतीवर घड्याळ लावून देतात, काटा कोठे आला म्हणजे गोळी द्यायची तेथे कुंकवाची खूण करतात, आणि शेजारच्या शाळकरी पोरीला तिच्यावर देखरेख करायला सांगतात. राइट टाउनच्या बाकावर बसलेल्या आजीला याहून अधिक कशाचीच गरज नसते. पण कुंकवाची ती खूण करायला तिच्या दारापर्यंत कोणीतरी जावे लागते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जावे लागते.

मोठी झालेली मुले आता घराबाहेर पडू लागली आहेत. अठरा वर्षे झाली की बालकगृहात राहता येत नाही. त्यासाठी काही संस्थांनी मोठ्या मुलांची वेगळी वसाहत केली, कोणी शेती शिकवली, कोणी गाडी चालवायला, कोणी रुग्णसेवेचे शिक्षण दिले. बीड आणि लातूरकडे यांच्यातल्या मुलामुलींची लग्ने मांडव घालून लागली. ज्यांच्या शेवटासाठी एकेकाळी मन घट्ट केले होते, त्यांच्याच लग्नात अक्षता टाकण्याची पाळी या मावशी-काकांवर आली. औषध नीट चालू असलेल्या माणसाकडून जोडीदारालाही विषाणू जात नाही, हे आता शास्त्राने निश्चित केले आहे. आणि अशा जोडप्यांच्या पोटी निरोगी मुले जन्मली आहेत. त्या बाळांच्या तपासणीचा कागद ज्या दिवशी येतो, त्या दिवशी संस्थेत स्वयंपाक उशिरा होतो.

घर सोडून जाणाऱ्या मुलाच्या हाती दोन गोष्टी दिल्या जातात. नव्या गावच्या उपचारकेंद्रात नाव लागावे म्हणून जुन्या केंद्राचे बदलीपत्र, आणि महिनाभराच्या गोळ्यांचा डबा. डब्यावरचे पतंगाचे चित्र मुलगा खरवडून काढतो. मोठ्या माणसाच्या डब्यावर ते शोभत नाही. पुण्याच्या कारखान्यात नाहीतर नागपूरच्या दुकानात तो कामाला लागतो, चार जणांत खोली घेतो, आणि खोलीतल्या इतर तिघांना गोळी पित्ताची आहे असे सांगतो. मावशीला हे खोटे आवडत नाही, पण ती त्यावर काही बोलत नाही. रात्री आठाचा ठोका पडतो. कपाट उघडून ती लहानांच्या गोळ्या देते, स्वतःची घेते, वहीत खुणा करते, आणि मग पदराला हात पुसून फोन लावते. तिकडे यंत्रांचा आवाज असतो. “घेतली का रे?” एवढेच ती विचारते. “घेतली, मावशी,” असे ऐकू आले, की फोन खाली ठेवून ती वहीच्या शेवटच्या पानावर, जेथे आता त्याचे नाव असायचे कारण नाही, तेथे आणखी एक खूण करते.